तबकडी आणि हजेरीपट



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो महागाई, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. चालकांचीही होती. म्हणून आम्ही विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. विषय आहे पाश्चात्त्य रॉक संगीतातील आणि त्याच्या शेजारच्या प्रायोगिक संगीतातील काही गाजलेले अल्बम, आणि त्यांच्याविषयीची आमची मते. आम्हाला संगीताचे शास्त्र येत नाही. कोणत्याही गुरूपुढे आम्ही बसलेलो नाही आणि शाळाही दहावीनंतर सुटली. आम्ही नुसते ऐकणारे. परंतु तीस-पस्तीस वर्षे एकच गोष्ट ऐकत राहिले म्हणजे ऐकणाऱ्याचेही काही मत बनते, आणि ते मांडण्याचा त्याला अधिकार आहे असे आम्ही मानतो. स्वयंपाक न येणाऱ्यालाही मीठ कमी पडले हे कळतेच.

हा नाद लागला कसा, ते आधी सांगतो. 1989 साली आम्ही एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये लागलो. पत्रा डायखाली सरकवायचा, पायाने पेडल दाबायचे, वरून ठोका पडायचा, माल काढायचा, पुन्हा पत्रा. आठ तास हेच. खात्यात अशी वीस-बावीस यंत्रे. घरी आल्यावरही तो ठोका डोक्यात चालू राहायचा. आमच्या पाळीत आखातातून परतलेला एक फिटर होता. त्याच्याकडे कॅसेटचा चांगला डेक होता आणि इंग्रजी कॅसेटी होत्या. त्याने एकदा एक कॅसेट ऐकायला दिली. आम्हाला शब्द एक कळला नाही, पण ठोका ओळखीचा वाटला. कोणी तरी आमच्या खात्यातला आवाज घेऊन त्याला शहाणे केले आहे, असे वाटले. तेव्हापासून फूटपाथवरच्या कॅसेटी धुंडाळण्याचे व्यसन जडले. आमचे इंग्रजीही दोनच ठिकाणी घडले आहे: कंपनीच्या स्टँडिंग ऑर्डर्स वाचताना आणि कॅसेटच्या डबीतला कागद शब्दकोश घेऊन वाचताना.

पण फूटपाथवरच्या नकली कॅसेटींत तो कागद बहुधा नसे. वरचे चित्र छापलेले, आत कोरे. कोण वाजवतो, कोण गातो, काही कळायचे नाही. "हे काम केले कुणी?" हा प्रश्न आमच्या मनात तेव्हा शिरला तो आजतागायत निघालेला नाही. आजच्या भाषणाचा विषयही खरे तर तोच आहे.

अल्बम म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटेच मावत. आपल्या मोठमोठ्या गवयांनी तेवढ्यात राग मांडून दाखवला, हे आपण जाणताच. अशा अनेक तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या बांधणीत एकत्र विकत, त्यावरून अल्बम हे नाव पडले. 1948 साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी निघाली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. 1965 नंतरच्या दहा वर्षांत रॉकवाल्यांनी या लांबीचा उपयोग ओळखला. सुटी गाणी गोळा करण्याऐवजी पहिल्यापासून शेवटपर्यंत एक रचना असावी, तिच्यात आवाजांचे प्रयोग करावेत, अशी हौस सुरू झाली. आमच्या आवडीचे सारे अल्बम याच दहा वर्षांतले आहेत.

आता पहिला अल्बम. फिटरने दिलेली ती कॅसेट होती 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाची, त्याच नावाची, 1970 च्या फेब्रुवारीत निघालेली. चौघेही इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या कामकरी वस्तीतले. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. 1965 साली, वय 17, नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्रावरचा माणूस आला नाही म्हणून सवय नसलेल्या यंत्रावर त्याला बसवले, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याचा मुकादम त्याच्यासाठी जँगो रेनहार्ट या गिटारवाल्याची तबकडी घेऊन आला. जँगोची दोन बोटे आगीत निकामी झाली होती, तरी तो वाजवीत असे. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चढवले आणि पातळ तारा लावल्या. पुढे 1971 च्या अल्बममध्ये त्याने तारा ढिल्या करून गिटार खाली उतरवले. त्याने दाबायला सोपे गेले आणि आवाजही जड झाला. ज्याला आज जगभर हेवी मेटल म्हणतात त्याचा हा पाया आहे.

हा पहिला अल्बम जवळजवळ एका दिवसात मुद्रित झाला. तेव्हाच्या समीक्षकांनी नाके मुरडली. आमचे मत असे की सॅबथचा हाच अल्बम सर्वांत खरा आहे. पुढचे अधिक सफाईदार आहेत. परंतु इथे चौघेजण एका खोलीत उभे राहून वाजवताहेत हे ऐकू येते. बिल वॉर्डचा ड्रम तर ऐकाच. ठोका जड, पण चाल झोके घेणारी.

आयोमीची गोष्ट आम्हाला काही वर्षांनी कळली आणि आम्ही ती एकाला सांगायला गेलो. तो आमच्या खात्यातला सोबती, ठेकेदाराचा माणूस. रात्रपाळीत डायमध्ये अडकलेला पत्रा काढताना त्याची उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. भजनी मंडळात तो पखवाज वाजवायचा. आम्ही मोठ्या उत्साहाने साबणाच्या बाटलीची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "दादा, तुमच्या त्या साहेबाचं नाव रजिस्टरात होतं का?"

कारण त्याचे नव्हते. अपघात झाला त्या रात्री तो कामावर होता याचा कागद नव्हता. तेव्हाच्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या 12 व्या कलमाप्रमाणे ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येत असे. पण तो त्या आवारात कामाला होता हे आधी सिद्ध करावे लागे. ठेकेदार म्हणे, मी याला ओळखत नाही. कंपनी म्हणे, आमच्या मस्टरवर हे नाव नाही. सोबत्यांच्या साक्षी, कँटीनची कुपने, सरकारी दवाखान्यातला नोंदीचा कागद, असे एकेक जमवीत आम्ही चार वर्षे झगडलो, तेव्हा कुठे भरपाई मिळाली. त्या चार वर्षांत आम्हाला एक गोष्ट पक्की कळली. नाव लिहिणे हा मानपानाचा प्रश्न नाही. नाव हा पुरावा असतो. त्यानंतर कोणताही अल्बम हाती आला की आम्ही आधी त्याचा हजेरीपट वाचू लागलो.

या दृष्टीने सर्वांत प्रसिद्ध अल्बम पाहू: बीटल्सचा 1967 चा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड'. चार ट्रॅकच्या यंत्रावर एवढे काम करून दाखवले, त्याला तोड नाही. शेवटच्या गाण्यात चाळीस वादकांचा वृंद खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत जो तो आपापल्या वाटेने चढत जातो, तो भाग आजही अंगावर काटा आणतो. दुसऱ्या बाजूच्या आरंभी जॉर्ज हॅरिसनचे 'विदिन यू विदाउट यू' हे गाणे आहे. दिलरुबा, तंबोरा, तबला. तबकडीच्या वेष्टणावर साठाच्या आसपास प्रसिद्ध माणसांची चित्रे आहेत; नट, लेखक, मुष्टियोद्धे. त्यांच्यापैकी बहुतेकांनी या अल्बममध्ये एक सूरही लावलेला नाही. ज्यांनी दिलरुबा वाजवला त्यांचे मात्र नावही नाही. लंडनमध्ये राहणारे हे हिंदी वादक. लिव्हरपूलच्या एका संशोधकाच्या शोधामुळे 2017 साली, म्हणजे बरोबर 50 वर्षांनी, त्यांची नावे लोकांपुढे आली: अन्ना जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी. आम्ही ही नावे इथे मुद्दाम उच्चारतो. पन्नास वर्षांची गैरहजेरी लागली होती. आज आपल्यासमोर हजेरी लागू द्या.

हॅरिसनची बाजूही सांगितली पाहिजे, कारण एकतर्फी निकाल देणे आम्हाला मान्य नाही. 1968 च्या जानेवारीत हा गृहस्थ आपल्या मुंबईत आला आणि फोर्टमधल्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत 'वंडरवॉल म्युझिक' या अल्बमचा अर्धा भाग त्याने मुद्रित केला. तिथे स्टिरिओ यंत्र नव्हते. भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून रेल्वेने आणवले. खोलीत रस्त्यावरची रहदारी ऐकू येई, म्हणून कचेऱ्या सुटण्याच्या वेळी मुद्रण थांबवावे लागे. सरोदवर आशिष खाँ, तबल्यावर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा, तारशहनाईवर विनायक व्होरा, बासरीवर केंकरे. ही नावे वेष्टणावर छापलेली आहेत. काहींची स्पेलिंगे चुकली आहेत, पण तसे आमच्या मस्टरमध्येही कारकून चुकायचा. नाव चुकीचे लिहिले तर दुरुस्त करता येते, लिहिलेच नाही तर काय दुरुस्त करणार? संगीत म्हणून विचाराल तर 'वंडरवॉल' हा तुकड्यातुकड्यांचा अल्बम आहे. चित्रपटासाठी केलेले काम ते, एक रंग चढतो न चढतो तोच दुसरा येतो. 'सार्जंट पेपर'च्या पंक्तीला तो बसणार नाही. शहनाईचे तुकडे तेवढे पुन्हा पुन्हा ऐकावेत.

आता आमचा सर्वांत आवडता अल्बम: 'पिंक फ्लॉइड'चा 'द डार्क साइड ऑफ द मून', साल 1973. वेळ, पैसा, मरण, वेड, म्हणजे कामकरी माणसाला रोज भेटणारे चौघे, हाच त्याचा विषय. पैशाच्या गाण्याची सुरुवात गल्ल्याच्या आणि नाण्यांच्या आवाजाने होते. हे आवाज फितीवर घेऊन, ती मोजून कापून, तिचे वेटोळे जोडून तालात फिरवले आहेत. ताल सात मात्रांचा. तिकडचे लोक याचे मोठे नवल करतात. ज्यांच्या कानांवर लहानपणापासून रूपक पडला त्यांना नवल वाटू नये. परंतु गिटार सुरू झाल्यावर गाणे सातातून सरळ चारात उतरते, तिथे मात्र आम्ही दरवेळी मान डोलावतो.

या अल्बममध्ये एक शब्दांवाचून गाणे आहे. नुसता स्त्रीचा आवाज. रडणे, ओरडणे, शेवटी थकून शांत होणे. ती गायिका क्लेअर टोरी. रविवारी बोलावून घेतले, दर दुप्पट म्हणून 30 पौंड दिले. काय गायचे हे तिला कोणी धड सांगू शकले नाही. तिने आपल्या मनाने ती चाल निर्माण केली आणि ती घरी गेली. हे वापरतील असेही तिला वाटले नव्हते. दुकानात तबकडी पाहिली तेव्हा कळले. गायिका म्हणून तिचे नाव वेष्टणावर होते, रचनाकार म्हणून नव्हते. अल्बमच्या कोट्यवधी प्रती खपल्या. 2004 साली ती न्यायालयात गेली, 2005 साली तडजोड झाली आणि तेव्हापासून रिचर्ड राइटच्या शेजारी रचनेवर तिचे नाव येते. 32 वर्षे लागली. पुष्कळजण म्हणतात, ठरलेली मजुरी घेतली होती, मग तक्रार कसली? हा युक्तिवाद आम्ही वाटाघाटींच्या टेबलावर शेकडो वेळा ऐकला आहे. मजुरी ठरली होती गाण्याची, तिने दिली रचना. ठरल्यापेक्षा जास्तीचे काम घेतले तर त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो, एवढे साधे ते आहे.

याच अल्बमच्या अगदी शेवटी एक म्हातारा आवाज बोलतो. तो स्टुडिओच्या दारवानाचा, जेरी ओड्रिस्कॉलचा. रॉजर वॉटर्सने प्रश्नांच्या चिठ्ठ्या करून स्टुडिओतल्या कोणालाही विचारल्या. त्यात दारवानही होता आणि शेवटचा शब्द त्यालाच मिळाला. या एका गोष्टीसाठी आम्ही या मंडळींचे बरेच काही माफ करतो.

आता अवघड प्रकरण. 'कॅप्टन बीफहार्ट'चा 'ट्राउट मास्क रेप्लिका', साल 1969, दोन तबकड्या, 28 तुकडे. पहिल्यांदा ऐकलात तर प्रत्येक वादक वेगळ्या खोलीत वेगळे गाणे वाजवतो आहे असे वाटेल. आम्हालाही चार वेळा तसेच वाटले. पाचव्या वेळी ध्यानात आले की सगळे ठरवून आहे. सगळे वेगळ्या वाटांनी निघतात आणि नेमक्या जागी एकमेकांना गाठतात. असे काही आम्ही दुसरीकडे ऐकलेले नाही.

पण हा माल निघाला कसा? वादक तरुण पोरे. लॉस एंजेलिसच्या एका घरात त्यांना सुमारे आठ महिने जवळजवळ कोंडल्यासारखे ठेवले. रोज बारा-बारा तास तालीम, पैसा नाही, पुरेसे अन्न नाही. एके काळी दिवसाला पेलाभर सोयाबीनवर राहावे लागले असे ड्रमवाल्या जॉन फ्रेंचने पुढे सांगितले आहे. बीफहार्टला संगीत लिहिता येत नव्हते. तो पियानोवर काहीबाही वाजवी, ते फ्रेंच कागदावर उतरवी, वाटून देई, बसवून घेई. आणि अल्बम निघाला तेव्हा वेष्टणावर जॉन फ्रेंचचे नावच नव्हते! मालकाची मर्जी फिरली होती.

अशा अल्बमचे काय करावे? आमच्या युनियनच्या कचेरीत यावर रात्री वाद झाले आहेत. एक पक्ष म्हणतो, अन्यायातून निघालेले संगीत ऐकूच नये. दुसरा म्हणतो, कला ती कला. जेवण मिळाले की नाही ते आम्ही का पाहावे? आम्हाला दोन्ही पटत नाहीत. न ऐकले तर त्या उपाशी पोरांचे काम पुन्हा एकदा रद्द होते. ऐकून कौतुक फक्त बीफहार्टचे केले तर त्यांची मजुरी पुन्हा एकदा बुडते. म्हणून आम्ही ऐकतो आणि ऐकवताना आधी सांगतो की हे जॉन फ्रेंचने बसवले आहे. यापलीकडे ऐकणाऱ्याच्या हाती काही नाही. पण एवढे तरी आहे.

मग चांगला कारखाना कुठे आहे की नाही? आहे. 'कॅन' हा जर्मनीतल्या कलोनचा वाद्यवृंद. त्यांचा 1971 चा अल्बम 'टागो मागो'. दोघे स्टॉकहाउझेनसारख्या मोठ्या संगीतकाराचे शिष्य, ड्रमवाला याकी लीबेत्साइट जॅझमधून आलेला, गायक डामो सुझुकी हा जपानी तरुण म्युनिकच्या रस्त्यावर गाताना सापडलेला आणि त्याच रात्री मंचावर उभा केलेला. कलोनजवळच्या एका जुन्या वाड्यात ते तासन्‌तास वाजवीत. होल्गर चुकाय ते फितींवर घेई आणि मग फिती कापून, जोडून रचना करी. आता हजेरीपट पाहा. प्रत्येक गाण्यापुढे रचनाकार म्हणून एकच नाव आहे: कॅन. ज्याने फीत कापली तोही, ज्याने ठोका धरला तोही. पाचांचा समान वाटा.

या अल्बममध्ये 'हालेलुवा' हे गाणे साडेअठरा मिनिटांचे, अख्खी एक बाजू. लीबेत्साइट एकच ठेका धरून असतो. आमच्या प्रेसइतका पक्का. पण प्रेसचा ठोका दहा हजार वेळा ऐका, तो तुमच्याकडे पाहत नाही. या ठेक्यात मधेच एखादी झांज किंचित लवकर येते, एखादा घाव हलका होतो, आणि समजते की समोर माणूस आहे, तो बाकीच्या चौघांचे ऐकतो आहे. यंत्रासारखे काम करूनही यंत्र न होणे, हे आम्हाला या अल्बमने दाखवले.

न आवडलेल्याचेही सांगितले पाहिजे, नाही तर आम्हाला सारेच आवडते असा गैरसमज व्हायचा. लू रीडचा 1975 चा 'मेटल मशीन म्युझिक'. गिटारे ध्वनिवर्धकांसमोर ठेवून निघणारा गोंगाट, तासाभराहून अधिक. दोनदा ऐकला. थोर लोक त्यात सौंदर्य पाहतात, असेलही. ज्याने हा गोंगाट पाळीच्या दराने ऐकला आहे तो त्यासाठी पदरचे पैसे मोजणार नाही.

याच गोंगाटाविषयी एक शेवटची गोष्ट. काही वर्षांपूर्वी युनियनच्या आरोग्य शिबिरात आमचे कान तपासले. मोठ्या आवाजात काम केलेल्यांचे कान आधी उंच पट्टीत जातात, चार हजार कंपनांच्या आसपास. आमचेही गेले आहेत. त्या रात्री घरी येऊन आम्ही 'हालेलुवा' लावले. झांजा गेल्या होत्या. म्हणजे कधीच्याच गेल्या असणार. इतके दिवस आम्ही त्या आठवणीने ऐकत होतो. आता आमचा पुतण्या शेजारी बसतो आणि झांज आली की बोटाने टेबलावर टक करतो. तो काही या संगीताचा शौकीन नाही, काकासाठी बसतो. ज्याची बोटे गेली तो सोबतीही कधी कधी येतो. पखवाज सुटला, पण भजनात तो आता टाळ धरतो. सॅबथ त्याला आवडत नाही. क्लेअर टोरी आवडते. ती गाऊ लागली की म्हणतो, "ही बाई कुणाला तरी पोचवून आलीय."

तरुण मित्रांना एवढेच सांगणे आहे. आज तुम्हाला जगातले सर्व संगीत हातातल्या फोनवर मिळते. आम्हाला एका कॅसेटसाठी पगाराची वाट पाहावी लागे. पण पडद्यावर गाणे वाजते तेव्हा बहुधा एका गायकाचे नाव दिसते, बाकीचे शोधावे लागतात. आमच्या नकली कॅसेटीचा कोरा कागद पुन्हा आला आहे. तेव्हा गाणे आवडले तर तेवढे शोधा. ड्रम कोणाचा, बासरी कोणाची, मुद्रण कोणी केले. नाव सापडले की ते मोठ्याने वाचा.

चालकांनाही एक विनंती आहे. या मालेतली भाषणे पुस्तकरूपाने छापली जातात, त्यात वक्त्यांची आणि अध्यक्षांची नावे येतात. आज सायंकाळी पाचपासून एक गृहस्थ इथे ध्वनिक्षेपक सांभाळीत उभे आहेत आणि दोघांनी मिळून या खुर्च्या मांडल्या आहेत. भाषण सुरू होण्यापूर्वी आम्ही तिघांची नावे विचारून घेतली. चिठ्ठी अध्यक्षांसमोर ठेवतो. पुस्तकात ती यावीत.